गाठीला गोष्ट चिकटवू नका

स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपवून आलेल्या बाईला हल्ली एक वाक्य वारंवार ऐकवलं जातं. ‘इतकी वर्षं तू जे बोलली नाहीस, ते तुझ्या शरीराने धरून ठेवलं होतं.’ सांगणारी व्यक्ती बहुधा प्रेमळ असते. खोलीत मंद उजेड असतो, जमिनीवर मॅट अंथरलेल्या असतात, आणि कित्येक महिन्यांनी कोणीतरी घाई न करता तिला ‘कसं वाटतंय’ म्हणून विचारलेलं असतं. म्हणून ते वाक्य ती घरी घेऊन जाते. रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर त्याचा उरलेला भाग तिचा तिलाच सुचतो: म्हणजे मी बोलले असते, भांडले असते, मोकळेपणी रडले असते, तर हे झालंच नसतं.

हे वाक्य खोटं आहे, आणि ते बोलणाऱ्यांनी थांबलं पाहिजे. सोमॅटिक थेरपी, श्वासाचं काम, हालचालीतून उपचार, योग अशा नावांनी जे देहकेंद्री उपचार आज चालतात, त्यांत पुष्कळ काही उपयोगाचं आहे असं माझं ठाम मत आहे. त्यातलं उपयोगाचं ते टिकावं, म्हणूनच त्याला चिकटलेल्या या दाव्याला विरोध करायला हवा.

आधी या बायकांची अनिश्चितता काय असते ते पाहू, कारण तिला ‘चिंता’ असं नाव देऊन पुष्कळ जण मोकळे होतात. भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कॅन्सर झाल्याचा अंदाज आहे. त्यांच्यातल्या मोठ्या गटाचा कॅन्सर हार्मोनवर वाढणारा असतो. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन उरकल्यावर या स्त्रिया पाच ते दहा वर्षं टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारखी गोळी रोज घेतात. अशा सुमारे ६३ हजार स्त्रियांची ८८ चाचण्यांमधली माहिती २०१७ मध्ये एकत्र करून प्रसिद्ध झाली. पाच वर्षं गोळी घेऊन आजारमुक्त राहिलेल्या या स्त्रियांमध्येही पुढच्या पंधरा वर्षांत आजार शरीरात दूरच्या ठिकाणी उलटण्याचा धोका १० ते ४१ टक्के होता. मूळ गाठ केवढी होती, काखेतल्या किती ग्रंथींत पसरली होती, यावर तो अवलंबून होता. पाच वर्षं पार पडली, पेढे वाटले, विषय संपला, असं या आजारात नसतं.

खात्री देणारी तपासणीही हाताशी नसते. काही त्रास नसलेल्या बाईचे पुन्हा पुन्हा पेट स्कॅन करू नयेत, रक्तातले मार्कर बघत बसू नये, असंच तज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, कारण त्यामुळे आयुष्य वाढल्याचं दिसलेलं नाही. ठरलेल्या अंतराने डॉक्टरांनी विचारपूस करायची, हाताने तपासायचं, वर्षातून एकदा मॅमोग्राम काढायचा. मधल्या काळात लक्ष ठेवायचं ते तिने, स्वतःच्याच अंगावर. आता लेट्रोझोलने सांधे दुखतात, कंबर धरते, सकाळी बोटं वळत नाहीत. आणि आजार हाडांत उलटला तरी कंबरच दुखते. पहाटे कंबरेत कळ आली, तर ती गोळीची, वयाची, आदल्या दिवशी उचललेल्या बादलीची की उलटलेल्या आजाराची, हे तिथल्या तिथे कोणालाच सांगता येत नाही. तिला नाही आणि तिच्या डॉक्टरांनाही नाही. तिच्या भीतीत कल्पनेचा भाग फार थोडा आहे. आहे ती परिस्थितीच तशी आहे.

आणि अशा बाईला मॅटवर झोपवून कोणी सांगतं, ‘कंबरेत तू आईचं दुःख साठवून ठेवलं आहेस, तिथे श्वास ने.’ हे बोलणाऱ्याला कंबरेत काय आहे याचा पत्ता नसतो, तरी तो ठामपणे बोलतो. मणक्यात पसरलेला कॅन्सर मज्जारज्जूवर दाबायला लागला तर पायांतलं बळ जातं, लघवीवरचा ताबा जातो, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर गेलेलं परत येईलच असं नसतं. आपल्याकडच्या बायका मुळातच दुखणं अंगावर काढतात. मुलाची परीक्षा होऊ दे, सासूबाईंचं ऑपरेशन होऊ दे, दिवाळी होऊ दे, मग दाखवू. गाठ हाताला लागूनही महिनोन्‌महिने घरात बसून राहणाऱ्या, आजार पुढच्या टप्प्यावर गेल्यावर इस्पितळात पोचणाऱ्या स्त्रिया कॅन्सरच्या प्रत्येक बाह्यरुग्ण विभागात दिसतात. दुखणं म्हणजे साठलेलं दुःख, अशी शिकवण त्यांना दिली, तर डॉक्टरांकडे न जाण्याला आपण आणखी एक कारण पुरवतो, आणि तेही आत्मशोधाच्या नावाने.

उपचार टाळण्याची किंमतही मोजली गेली आहे. अमेरिकेतल्या नोंदी वापरून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्या कॅन्सररुग्णांची तुलना नेहमीचे उपचार घेणाऱ्यांशी केली होती. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पर्यायी मार्ग धरलेल्यांच्या मृत्यूचा धोका पाचपटींहून अधिक निघाला. ‘आम्ही कुठे उपचार सोडायला सांगतो?’ असं यावर विचारलं जातं. उघडपणे फार थोडे जण सांगतात, हे खरं. पण आजाराचं मूळ दडपलेल्या भावनेत आहे हे एकदा मान्य केलं, की दहा वर्षं सांधे दुखवणारी गोळी चालू ठेवायची कशाला, हा प्रश्न बाईच्या मनात आपोआप उभा राहतो.

हा दावा कुठून आला तेही सांगायला हवं, कारण तो प्राचीन ज्ञान म्हणून खपवला जातो. त्याचा एक मोठा धागा विसाव्या शतकातल्या व्हिएन्नाचा आहे. फ्रॉइडच्या वर्तुळातले विल्हेल्म राइख यांनी अशी मांडणी केली की दडपलेल्या भावना स्नायूंमध्ये चिलखतासारख्या घट्ट बसतात. या कल्पनेतलं निरीक्षण मोलाचं होतं. घाबरलेला माणूस खांदे आवळून, श्वास धरून बसतो हे कोणीही पाहू शकतो. पण राइख तिथे थांबले नाहीत. १९४८ च्या त्यांच्या पुस्तकात कॅन्सरचाही उगम कोंडलेल्या जीवनऊर्जेत सांगितला आहे, आणि ती ऊर्जा साठवण्यासाठी माणसाने आत बसायच्या पेट्या त्यांनी बनवल्या. १९५४ मध्ये अमेरिकी न्यायालयाने त्या पेट्यांवर बंदी घातली. बंदी मोडल्याबद्दल राइख तुरुंगात गेले आणि १९५७ मध्ये तिथेच वारले. औषधं आणि चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा आपला भारतीय कायदाही १९५४ चाच आहे, आणि ज्या आजारांच्या जाहिरातींना त्यात मनाई आहे त्या यादीत कॅन्सर आहे.

पेट्या गेल्या, कल्पना उरली. १९८० च्या दशकात ‘सी प्रकारचं व्यक्तिमत्त्व’ ही चर्चा रंगली: राग गिळणारी, सगळ्यांचं ऐकणारी, स्वतःला मागे ठेवणारी माणसं कॅन्सरला जवळची. हे वर्णन वाचल्यावर कोण डोळ्यांसमोर येतं? आपल्या घरांमध्ये ज्या तऱ्हेने मुली वाढवल्या जातात, त्या तऱ्हेने वाढलेली प्रत्येक मुलगी. १९८४ मध्ये लुईस हे यांच्या पुस्तकाने आजारांची आणि त्यांच्या ‘संभाव्य मानसिक कारणांची’ यादीच छापली. गाबोर माटे यांच्या २००३ च्या पुस्तकाने दडपलेल्या ताणाचा कॅन्सरसकट अनेक आजारांशी संबंध जोडून ही कल्पना नव्या पिढीपर्यंत नेली. या साऱ्याला सर्वांत धारदार उत्तर फार आधी दिलं गेलं होतं. सुझन सोंटॅग यांना १९७५ मध्ये स्तनाचा कॅन्सर झाला आणि १९७८ मध्ये त्यांनी ‘इलनेस ॲज मेटाफर’ लिहिलं. त्या पुस्तकात त्यांनी स्वतःच्या आजाराचा उल्लेखही केला नाही. आजाराचं मानसिक स्पष्टीकरण देणं म्हणजे शेवटी आजारी माणसालाच जबाबदार धरणं, हा त्यांचा मुद्दा होता, आणि तो आजही जसाच्या तसा लागू आहे.

कोणी म्हणेल, सोंटॅग लेखिका होत्या, पुरावा काय? पुरावाही आहे. स्वीडन आणि फिनलंडमधल्या सुमारे ६० हजार माणसांचा दीर्घकाळ मागोवा घेणारा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. स्वभावाचा कॅन्सर होण्याशी संबंध आढळला नाही. ब्रिटनमधल्या एक लाखाहून अधिक स्त्रियांच्या २०१६ च्या अभ्यासात मनाला जाणवलेल्या ताणाचा आणि स्तनाच्या कॅन्सरचा संबंध दिसला नाही. ताणाने झोप उडते, व्यायाम सुटतो, वजन वाढतं, तपासण्या पुढे ढकलल्या जातात. या वाटांनी तो तब्येतीपर्यंत पोचू शकतो. पण न बोललेल्या दुःखाची गाठ होते, याला आधार नाही.

याच क्षेत्रात घडलेली एक गोष्ट प्रत्येक थेरपिस्टला ठाऊक असायला हवी. डेव्हिड स्पीगल यांनी पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या ८६ स्त्रियांवरचा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला. ज्या स्त्रिया आठवड्यातून एकदा गटात भेटून भीतीबद्दल, मरणाबद्दल उघड बोलत आणि वेदनेसाठी आत्मसंमोहन शिकत, त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या, बाकीच्या १८.९ महिने. जगभर खळबळ उडाली. मग कॅनडात २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग झाला आणि २००१ मध्ये निकाल आला: आयुष्य वाढलं नाही. स्पीगल यांनी स्वतः पुन्हा १२५ स्त्रियांवर प्रयोग केला आणि २००७ मध्ये तेच कळवलं: एकंदरीत आयुष्यात फरक नाही. मला या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो, कारण स्वतःच्या सर्वांत गाजलेल्या निष्कर्षाच्या विरुद्ध गेलेला निकाल त्यांनी छापला. आणि त्या कॅनडाच्या अभ्यासातली दुसरी ओळ तितकीच महत्त्वाची आहे. गटातल्या स्त्रियांचा मानसिक त्रास कमी झाला आणि वेदनाही कमी जाणवल्या, विशेषतः सुरुवातीला ज्या जास्त हैराण होत्या त्यांना. गाठ तशीच राहिली, दिवस मोजून तेवढेच मिळाले, पण ते दिवस कमी यातनेचे गेले. हे थोडं आहे का? ज्या बाईला वेदनेने रात्र रात्र झोप नाही, तिला विचारा.

देहकेंद्री उपचारांच्या बाजूने सर्वांत जोरकस युक्तिवाद आघाताच्या संशोधनातून येतो. बेसेल व्हॅन डर कोल्क यांचं २०१४ चं पुस्तक आज प्रत्येक कार्यशाळेत उद्धृत होतं. त्यांच्याच गटाने त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, दीर्घकाळ न हटलेला आघातोत्तर ताणविकार असलेल्या ६४ स्त्रिया होत्या. दहा आठवड्यांच्या योगवर्गानंतर योगगटातल्या ५२ टक्के स्त्रिया त्या निदानाच्या बाहेर आल्या, तुलनेच्या गटातल्या २१ टक्के. अभ्यास लहान आहे, पण निकाल आशा देणारा आहे आणि मी तो नाकारत नाही. पण तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे? मारहाण, अत्याचार, अपघात होऊन गेला आहे आणि शरीर अजून त्याच क्षणात अडकलं आहे, त्या स्थितीचं. तिथे उपचाराचं काम असतं शरीराला पटवणं की धोका टळला, आता तू सुरक्षित आहेस.

कॅन्सरनंतरच्या बाईला हे वाक्य सांगता येत नाही. तिचा धोका मागे पडलेला नाही; तो पुढे आहे, किंवा नाही, आणि ते कोणालाच माहीत नाही. भूतकाळातल्या जखमेसाठी बनवलेली पद्धत भविष्यातल्या अनिश्चिततेवर जशीच्या तशी लावणं ही या क्षेत्रातली सर्वांत मोठी चूक आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. ‘तू सुरक्षित आहेस’ असं म्हणत तिला श्वास घ्यायला लावलं, की तिच्या आतला जाणता भाग म्हणतो, हे खरं नाही. मग ती थेरपिस्टवरचा विश्वास गमावते, किंवा स्वतःच्या जाणतेपणावरचा. दुसरं अधिक वाईट.

मग शरीराच्या वाटेने काम करायचं ते कशासाठी? माहीत नसण्यासकट दिवस पार पाडता यावा यासाठी. रिपोर्ट उद्या येणार आहे आणि आज पोळ्या लाटायच्या आहेत, मुलीचा अभ्यास घ्यायचा आहे, यासाठी. एमआरआयच्या नळीत वीस मिनिटं न हलता पडून राहता यावं यासाठी. श्वास सोडण्याची क्रिया घेण्यापेक्षा लांबवली की नाडी मंदावते; पावलांखालची फरशी, पाठीमागची खुर्ची यांवर लक्ष ठेवलं की भीतीची लाट येऊन जाईपर्यंत तग धरता येतो. शस्त्रक्रियेनंतर आखडलेला खांदा हळूहळू उघडला की बाईला आपला हात आपला वाटू लागतो. थकव्याबद्दल तर भक्कम पुरावा आहे: ११३ चाचण्या आणि साडेअकरा हजार रुग्ण एकत्र पाहणाऱ्या २०१७ च्या आढाव्यात कॅन्सरच्या थकव्यावर व्यायाम आणि मानसोपचार हे औषधांपेक्षा सरस ठरले.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगायला हव्यात. आजार उलटण्याच्या भीतीवर ऑस्ट्रेलियात २२२ जणांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, भीतीशी असलेलं आपलं नातं बदलायला शिकवणारा बोलण्याचा उपचार निव्वळ शरीर शिथिल करण्याच्या प्रशिक्षणापेक्षा अधिक परिणामकारक ठरला. म्हणजे शरीराचं काम एकटं पुरत नाही. त्याला विचारांची, शब्दांची जोड लागते. काही बायकांना तर डोळे मिटून शरीराकडे लक्ष द्यायला सांगितलं की भीती वाढते, कारण आधीच त्या दिवसभर शरीरच चाचपत असतात. त्यांना डोळे उघडे ठेवून चालू द्यावं. जो थेरपिस्ट याला ‘प्रतिकार’ म्हणतो, त्याला समोरची बाई दिसतच नाही.

‘तुमचे आकडे पाश्चात्त्य, आमचा अनुभव भारतीय’ हेही ऐकू येतं. ते महाराष्ट्रात तरी कोणी म्हणू नये. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभं केलं ते योगाच्या क्रिया प्रयोगशाळेत मोजण्यासाठीच. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी लोड, पट्टे, खुर्च्या, दोऱ्या वापरून दुर्बळ शरीरालाही आसनात टिकता यावं अशी पद्धत घडवली. तिथे आधी शरीराची अवस्था पाहायची असते, मग आसन. मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयाने स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० रुग्णांवर योगाची चाचणी केली आणि २०२२ मध्ये मांडली. त्या चाचणीत योग नेहमीच्या उपचारांसोबत होता, त्यांच्या जागी नव्हता. बातम्या पुढे पाठवताना नेमकं हेच गळतं.

आणि पूर्वीच्या बायका जात्यावर ओव्या गात, मंगळागौरीला झिम्मा-फुगडी खेळत, म्हणून निरोगी राहत, असं जे सांगितलं जातं, त्याबद्दल एवढंच: त्याच बायका बाळंतपणात, क्षयाने, तापाने मरत होत्या. गाणं त्यांना सोबत होतं. ते औषध होतं असं त्यांनी कधी म्हटलं नाही.

दुसऱ्या बाजूशीही माझं भांडण आहे. हे सगळं थोतांड आहे असं म्हणून हात झटकणारे डॉक्टर आणि बुद्धिवादी मित्र या बाजाराला जेवढं गिऱ्हाईक पुरवतात तेवढं कोणी पुरवत नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, आता आनंदात राहा’ असं तीन मिनिटांत सांगून पुढचा नंबर पुकारला जातो. घरचे म्हणतात, जास्त विचार करू नकोस. मैत्रिणी म्हणतात, पॉझिटिव्ह राहा. तिच्या भीतीला बसायला कुठेच जागा मिळत नाही, आणि जिथे मिळते तिथे भीतीबरोबर खोटं कारणही पदरात पडतं. गर्दी आहे, डॉक्टर कमी आहेत, हे मला कळतं. पण ‘कंबर दुखली तर किती दिवस वाट पाहायची, कधी फोन करायचा’ एवढं लिहून दिलेला कागद देण्यासाठी जादा डॉक्टर लागत नाहीत.

एक आक्षेप मात्र हलक्याने घेण्यासारखा नाही. काही स्त्रिया स्वतःच म्हणतात की मी वीस वर्षं सोसलं, त्याचंच हे फळ. आणि असं म्हटल्याने त्यांना आयुष्याचा अर्थ लागतो, त्या पहिल्यांदा घरात आवाज चढवतात. त्यांच्याकडून हे काढून घेणारे आपण कोण? मी उलट विचारते: त्या सोसण्याला कॅन्सरचा दाखला का लागावा? नवऱ्याने मारलं, सासरने राबवलं, शिक्षण तोडलं, पगार हातात ठेवला नाही, हे सारं त्या त्या दिवशीच अन्याय होतं. गाठ आली नसती तरी होतं. छळ झालेल्या पण धडधाकट बाईच्या तक्रारीलाही तेवढंच वजन आहे. आजाराला दुःखाचा पुरावा बनवलं की ज्यांना आजार नाही त्यांचं दुःख खोटं ठरतं, आणि ज्या सुखात होत्या तरी आजारी पडल्या, त्यांना आपल्या सुखी आयुष्यात उगाच जखमा शोधत बसावं लागतं. बाईला आवाज चढवायचा असेल तर तिने जरूर चढवावा. त्यासाठी आधी स्वतःला आजाराची कर्ती मानण्याची अट नको.

म्हणून मागणी अगदी साधी आहे आणि ती थेरपिस्टांकडे आहे, कारण क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, पण ‘सोमॅटिक थेरपिस्ट’ ही पाटी लावायला तशी नोंदणी लागत नाही. पहिल्या भेटीत विचारा: कोणती शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या ग्रंथी काढल्या का, कोणती गोळी चालू आहे, हाडांची घनता तपासली का, पुढची तपासणी कधी. ग्रंथी काढलेल्या हातावर जोरकस मालिश करू नका. त्या हाताला सूज येण्याचा धोका जन्मभर राहतो. लेट्रोझोलने हाडं विरळ होतात, तेव्हा कंबरेतून खोल वाकवू नका, पिळू नका. स्पर्शाआधी दर वेळी विचारा, आणि ‘नको’ हे उत्तर कारण न विचारता घ्या. गाठ का झाली हे तिने विचारलं, तर ते तुमच्या विद्येच्या बाहेरचं आहे असं स्पष्ट सांगा. आणि नवं दुखणं, पायात मुंग्या, न थांबणारा खोकला, वजन उतरणं, यांतलं काही तिच्या तोंडून आलं, तर मॅट गुंडाळून ठेवा, तिच्यासोबत बसून तिथूनच तिच्या डॉक्टरांना फोन लावा, आणि त्या दिवसाची फी घेऊ नका.